दत्तकपत्रातली अट

श्रावणी अमावास्येची पहाट फुटली तेव्हा निवळगडाच्या बालेकिल्ल्याभोवती दाट धुकं होतं, तटावरच्या तोफांची तोंडं दवानं ओली झाली होती, आणि खाली खोऱ्यात ओढ्याच्या पात्रात शेतकरी आपापल्या बैलांना मांडीएवढ्या पाण्यात उभं करून घासत होते, कारण पोळा होता. त्याच दिवशी पिठोरीचं व्रत, म्हणून घरोघरच्या लेकुरवाळ्या बाया उपाशी होत्या. साऱ्या खोऱ्यात हा दिवस हौसेचा. मात्र ज्या बाईचा शब्द त्या खोऱ्यात शेवटचा मानला जाई, त्या सुंदराबाईसाहेब निवळकरांना हा एक दिवस पंचांगातून फाडून टाकावासा वाटे.

त्याचं कारण एका दत्तकपत्रात होतं.

आठ वर्षांपूर्वी देशमुखीचे धनी रणात पडले तेव्हा सुंदराबाईंची कूस रिकामी होती. धन्यांचे चुलतभाऊ सुभानजी गडाचे सरनोबत होते आणि गादीवर बसायला उतावीळ होते. बाईंनी सरनोबतांना बाजूला सारलं आणि भाऊकीतल्याच एका गरीब शाखेतून, घोटवाडीच्या रायाजी निवळकराचा सहा वर्षांचा भिवा दत्तक मागितला. रायाजीने मुलगा दिला, पण त्याच्या बायकोने, हौसाने, पदर खोचून एक अट घातली. दत्तहोमाच्या आधी ती अट कागदावर लिहिली गेली तेव्हाच तिने पोराचा हात सोडला: दरसाल पिठोरीला मुलगा जन्मघरी येईल; शिवेपासून घरापर्यंत अनवाणी चालेल; अंगावर शस्त्र नसेल, पाठीशी स्वार नसेल; आईच्या हातचं खाईल, रात्री तिथेच निजेल आणि सकाळी गडावर परतेल. सरदार म्हणून नव्हे, मुलगा म्हणून. बाईंनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या वेळी त्यांना ती अट फार लहान वाटली होती.

भिवाचा जसवंतराव झाला. तो घोड्यावर बसायला शिकला, मोडी शिकला, सदरेवर मांडी घालून बसायला शिकला. दोन वर्षांनी रायाजी गडाच्याच कामी आला आणि अट सांभाळायला हौसा एकटी उरली. दरसाल पिठोरीनंतर जसवंतराव गडावर परते तेव्हा त्याच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास असे, तो आठ-आठ दिवस कमी बोले, आणि एका वर्षी तर तापात त्याने "आये, आये" अशी हाक मारली. सुंदराबाई उशाशीच बसल्या होत्या, पण ती हाक त्यांच्यासाठी नव्हती. हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही. माणूस असं दुःख सांगत नाही, ते त्याच्या तोंडावर दिसतं, आणि तोंडं वाचण्यात सुभानजी वाकबगार होता.

महिन्यापूर्वी खलबतखान्यात सुभानजी हात जोडून म्हणाला होता, "वहिनीसाहेब, बाळराजे चौदा वर्षांचे झाले. उद्या गादीवर बसतील, आणि वर्षातून एक दिवस कुणाच्या तरी झोपडीत नाचणीची भाकरी खातील. आज्ञा झाली तर त्या बाईंची रवानगी कोकणात, त्यांच्या माहेरी करता येईल. सन्मानाने, जन्माची सोय लावून. पिठोरीच्या दिवशी, बाळराजांच्या डोळ्यांदेखत निरोप होईल आणि विषय संपेल."

सुंदराबाई म्हणाल्या, "मला काही सांगू नका. जे करायचं ते करा."

असली वाक्यं राजवाड्यांत फार स्वस्त असतात. बोलणाऱ्याला वाटतं आपण हुकूम दिलाच नाही. ऐकणारा मात्र त्यावरच घोडं दामटतो.

तर त्या सकाळी जसवंतराव गडाखाली उतरला. निघताना त्याने बाईंचे पाय शिवले आणि म्हणाला, "आईसाहेब, येतो. उद्या दुपारपर्यंत हजर होतो." बाईंनी नेहमीप्रमाणे त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो हात त्यांना जड झाला. परत येईल तेव्हा त्याची दुसरी आई खोऱ्यात नसेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचा आनंद होत होता, आणि त्या आनंदाची त्यांना लाजही वाटत होती. पन्नास स्वार शिवेपर्यंत सोबत गेले. ते सारे सुभानजीच्या पथकातले. सुभानजी स्वतः भल्या पहाटेच शिकारीच्या निमित्ताने गड उतरला होता.

दुपार कलायला लागली तेव्हा गडाच्या पायथ्याच्या मेटावरचा हैबती नाईक घामाघूम होऊन वर आला. साठीचा रामोशी, एका डोळ्याने अधू, धन्यांच्या वेळेपासून चौकीवर बसलेला. त्याने देवडीवर जोडे काढले आणि मुजरा करून सांगितलं, "आईसाब, खिंडीतनं तीसेक परकी मानसं घोटवाडीकडं गेली. भाडोत्री हायत. म्होरं कान्हू जमादार हाय."

"आम्हांस ठाऊक आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "सरनोबतांचं काम आहे. एका बाईस पोचवायला जाताहेत."

नाईक हलला नाही. "बाईला पोचवायला?"

"होय. का?"

"मग मेना कुटं हाय, आईसाब? मेना न्हाई, डोली न्हाई, भोई न्हाई. कोकनात चालत न्येनार हुते काय? बंदुका हायत, तेलाचे बुधले हायत, चुडी हायत. म्या येक येक मानूस बघितला."

बाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. बाई न्यायला निघालेल्या माणसांबरोबर मेणा नाही. सुभानजी एवढा हिशेबी, पण महिनाभराच्या कारस्थानात एक रिकामा मेणा देखाव्यापुरता धाडायचं विसरला, कारण मनातून तो बाई न्यायला निघालाच नव्हता. तो वर्षातून ज्या एका दिवशी गादीचा वारस अनवाणी, निःशस्त्र आणि एकटा असतो, त्या दिवसावर टपून होता. अट कागदावर होती, आणि कागद सरनोबतांनीही वाचला होता.

"जसवंत," एवढंच त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

गडावर अडीचशे शिबंदी होती, पण ती सरनोबताच्या हाताखालची; कोण कुणाचा आहे हे पडताळायला बसल्या असत्या तर संध्याकाळ झाली असती. त्यांनी दरवाजावर काही बोलून दाखवलं नाही. धन्यांचा रुंद पात्याचा तेगा घेतला, त्यांची चोळणा-बंडी अंगात घालून वरून कुळंबिणीचं जाडंभरडं लुगडं नेसल्या, अंगावरचे दागिने देव्हाऱ्यात ठेवले, आणि हैबतीला विचारलं, "मेटावर तुझी माणसं किती?"

"नऊ. त्यातला येक लंगडा हाय."

"लंगड्याला मेटावर ठेव. बाकीची आणि तू."

"आईसाब, तुमी ऱ्हावा. आमी बघतो."

"नाईक," बाई म्हणाल्या, "ही माणसं माझ्या तोंडच्या शब्दावर गेली आहेत. मी राहून चालायचं नाही."

घोडवाटेवर सुभानजीचे पहारे असणार, म्हणून ती दहा माणसं रानातल्या पायवाटेने उतरली. अडीच कोसांची उतरण, शेवाळलेले दगड, आणि चाळिशी ओलांडलेली बाई, जिने गेली कित्येक वर्षं पालखीशिवाय गड उतरला नव्हता. दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा पडल्या तेव्हा हैबतीने हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला.

ऊन कलतं झालं तेव्हा ते घोटवाडीच्या वरच्या कारवीच्या रानात पोचले आणि हैबतीने आपल्या चांगल्या डोळ्याने खालचा देखावा न्याहाळला. वाडीतले झाडून सारे पुरुष सजवलेले बैल घेऊन वेशीकडे, मारुतीच्या तोरणाला निघाले होते. वाजंत्री वाजत होती. हौसाचं घर वाडीच्या टोकाला एकटं. त्याच्या पुढच्या अंगाला नाचणीच्या शेतात माणसं दबून बसली होती, मागल्या गोठ्याच्या बाजूला पाच-सहा. ती घरात शिरत नव्हती. कशाची तरी वाट बघत होती.

"का थांबलेत?" बाईंनी विचारलं.

हैबतीने दारातली पोरं पुन्हा मोजली. "आत चार-पाच पोरं दिसत्यात. शेजारची खिरीला आल्यात. ह्या परक्यांनी धाकल्या धन्यास्नी कदी बघितलं न्हाई. कुनाला मारायचं त्येच ठावं न्हाई त्यास्नी. समदी पोरं मारली तर खोरं पेटंल, सरनोबतास्नी त्ये नकोय. दरवडा वाटाया पायजे."

"मग ओळखणार कसं?"

"दिवेलागनीला हौसा ताट पाठीमागं धरंल, आईसाब."

हे बाईंनाही कळलं. पिठोरीची पूजा झाली की आई देवाकडे तोंड करून बसते, खीर-पुरीचं ताट डोक्यावरून पाठीमागे धरते आणि मागे न बघता विचारते, अतीत कोण? पोटचा पोर पाठीमागून म्हणतो, मी आहे. आणि ताट घेतो. त्या घरात आज एकच पोर तसं म्हणणार होता. जो "मी आहे" म्हणेल त्याला उडवा, असं सुभानजीने जमादाराला सांगितलं होतं. इतकी वर्षं आईने पोराला जवळ घेण्यासाठी जो शब्द उच्चारला, तोच त्याने मारेकऱ्यांची खूण करून टाकला. माझ्या मते त्याच्या साऱ्या पापात हे पाप सर्वांत नीच होतं.

घराला वेढा होता. पोर बाहेर पडता तर गोळी होती. आत जाऊ शकेल असं वाडीत एकच माणूस होतं: गवताचा भारा घेऊन घरी परतणारी बाई. तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. सुंदराबाईंनी तेगा गवतात लपवला, भारा डोक्यावर घेतला आणि त्या उतारावरून चालत खाली आल्या. गोठ्यामागे बसलेल्या एका शिपायाने मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा तंबाखू मळायला लागला.

हौसा चुलीपुढे होती. तिने भारा टाकणाऱ्या बाईकडे बघितलं आणि हातातली पळी खाली ठेवली. आठ वर्षांत त्या दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या, पण ओळखायला वेळ लागला नाही. कोपऱ्यात बापाचं जुनं मुंडासं बांधून आणि घोंगडी पांघरून जसवंतराव शेजारच्या पोरांना काहीतरी सांगत होता. तो उठून उभा राहिला. "आईसाहेब, आपण?"

"हळू बोला," सुंदराबाई म्हणाल्या. मग त्यांनी हौसाला सगळं सांगितलं, दहा-बारा वाक्यांत, काही न लपवता. बाहेर कोण आहेत, कशाची वाट बघताहेत, आणि शेवटी: "तुला इथून हलवायला मी मुभा दिली होती. त्याच मुभेवर हे आले आहेत. हा घात माझ्या हातून झाला आहे."

हौसाने आपल्या लेकाकडे बघितलं, मग बाईंकडे. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघवत नव्हतं.

"त्ये मागनं," ती म्हणाली. "आदी पोर."

"लुगडं मी सोडते. मुंडासं आणि घोंगडी मला द्या. जसवंत माझं लुगडं नेसून, भारा डोक्यावर घेऊन जाईल. आत आलेली बाई बाहेर गेली असं त्यांना दिसेल. वर कारवीत नाईक आहे."

"आणि अतीत?" हौसाने विचारलं.

"मी म्हणेन."

जसवंतराव म्हणाला, "मी बाईच्या वेषात पळणार नाही. इथं तुम्ही दोघी मराल आणि मी—"

"भिवा, लुगडं न्येस," हौसा म्हणाली.

"जसवंतराव, नेसा," सुंदराबाई म्हणाल्या.

दोन्ही नावांनी एकाच वेळी हुकूम व्हायची ही त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ. हौसाने त्याला लुगडं नेसवलं, कासोटा घट्ट केला. सुंदराबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि चाल कशी ठेवायची ते सांगितलं. बोटं एकमेकींच्या बोटांना लागत होती. मग भारा डोक्यावर चढला आणि तो मागल्या दाराने बाहेर पडला. त्या दोघी कुडाच्या फटीतून बघत राहिल्या. तंबाखू मळणाऱ्याने पुन्हा मान वर केली. म्हणाला काहीतरी, त्याचा सोबती हसला. भारा चढण चढू लागला आणि कारवीत शिरला.

हौसाने शेजारच्या पोरांना कणगीमागे बसवलं आणि वर गोणपाट टाकलं. सुंदराबाईंनी धन्यांची चोळणा-बंडी आतून घातलीच होती. वर रायाजीची घोंगडी घेतली, त्याचं मुंडासं बांधलं आणि तेगा घोंगडीखाली धरून पाठमोऱ्या बसलेल्या हौसामागे उकिडव्या बसल्या. दाराच्या बाजूने बघणाराला पाठ, मुंडासं आणि घोंगडी एवढंच दिसे.

दिवा लागला. भिंतीवर पिठाने काढलेल्या योगिनींपुढे हौसाने हात जोडले, ताट उचललं, डोक्यावरून मागे धरलं.

"अतीत कोन?"

सुंदराबाईंनी घसा दाबून, पोरगेला आवाज काढून उत्तर दिलं. "मी आहे."

ताट घ्यायला त्यांनी डावा हात वर केला आणि त्याच क्षणी दारातून बंदूक उडाली. गोळीने ताट फोडलं आणि त्यांच्या हाताची दोन बोटं नेली. खीर आणि रक्त देव्हाऱ्यावर उडालं. घर धुराने भरलं. मेला असं समजून पहिला शिपाई डोकं कापायला आत वाकला. गरिबाच्या घराचं दार ठेंगणं असतं, वाकल्याशिवाय आत येता येत नाही, आणि वाकलेल्या माणसाची मान आधी आत येते. सुंदराबाईंनी तेगा दोन्ही हातांनी उगारला, तुटक्या हातानेही, आणि घाव घातला. तो उंबऱ्यावरच पडला. दुसरा त्याच्यावरून आला, त्याच्या पोटात तेगा मुठीपर्यंत गेला आणि उपसायला पाय लावावा लागला. हौसाने कुडात खोवलेला पाळकोयता ओढला आणि तिसऱ्याचा गुडघा फोडला. तो ओरडत पडला, पण तिने त्याला फार वेळ ओरडू दिलं नाही.

"बायका हायत," बाहेरून कुणीतरी किंचाळलं. "पोरगं न्हाई, बायका हायत."

कान्हू जमादार तयारीचा गडी. दारात माणसं सांडताहेत हे बघून त्याने छपरावर चुडी फेकायला लावल्या, पण श्रावणाचं भिजलेलं गवत पेटेना, नुसतं धुमसत राहिलं. मग तो स्वतःच छपरावर चढला, तट्ट्या फाडून आत उडी टाकली आणि उतरता उतरता हौसाला खांद्यापासून छातीपर्यंत चिरलं. ती भिंतीवरच्या योगिनींना टेकून खाली घसरली. सुंदराबाई वळल्या तेव्हा दार मोकळं पडलं.

त्याच वेळी मागल्या अंगाला हैबतीची आरोळी उठली. पोर कारवीत हाताला लागताच त्याने दोन जवान त्याच्यासोबत वर धाडले होते आणि उरलेल्या सहांना घेऊन तो उतारावरून आला होता, तीसांवर सात. गोठ्यामागचे शिपाई उठायच्या आत कापले गेले. तंबाखू मळणारा हातातली चिमूट टाकू शकला नाही. पुढच्या शेतात मात्र बंदुका होत्या. हैबतीला पहिली गोळी मांडीत लागली, दुसरी बरगडीत, आणि तरी तो दारापर्यंत सरपटत आला आणि दारात आडवा पडला. त्याच्या अंगावरून आत जायला प्रत्येकाला थांबावं लागलं, आणि थांबणाऱ्याचा पाय तो खालून कापत राहिला. असे चार झाले. पाचव्याने त्याच्या पाठीत भाला रोवला.

आत जमादार आणि बाई. तो वयाने तरणा, ती थकलेली. त्याने तिला मागे रेटत चुलीपर्यंत नेलं, तेगा हातातून उडवला, तलवार उगारली. आणि भिंतीशी पडलेल्या हौसाने चुलीवरचं उकळत्या खिरीचं पातेलं उजव्या हाताने ओढून त्याच्या पायावर ओतलं. तो वाकला. सुंदराबाईंनी चुलीतलं जळतं लाकूड त्याच्या तोंडात घातलं आणि तो पडल्यावरही काढलं नाही.

वेशीवर बंदुकीचा आवाज पोचला होता. वाजंत्री थांबली, आणि साठ-सत्तर शेतकरी बैलांची दावी तिथेच सोडून कुऱ्हाडी, पराण्या, वेसणीच्या काठ्या जे हाती लागलं ते घेऊन धावत आले. त्यानंतर नाचणीच्या शेतात जे झालं ते लढाई म्हणण्यासारखं नव्हतं. भाडोत्र्यांतला एकही खिंडीपर्यंत पोचला नाही.

सुभानजी समोरच्या टेकाडावर घोड्यावर बसून त्या पहिल्या बंदुकीचीच वाट बघत होता. आवाज ऐकताच त्याने डोक्यावरचं पागोटं काढून घोड्याच्या मानेवर टाकलं, डोळे चोळून लाल केले आणि पन्नास स्वारांसह दौड मारत आला. अंगणात उतरला तेव्हा त्याचं रडणं चांगलं लागलं होतं. "घात झाला, घात झाला, बाळराजे गेले, वहिनीसाहेबांना मी तोंड कसं दाखवू," असं म्हणत तो गर्दीतून वाट काढत पुढे आला, आणि उंबऱ्याशी रायाजीचं मुंडासं बांधून, हाताला फडकं गुंडाळून, हैबतीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या सुंदराबाई त्याला दिसल्या.

"दाखवा, भावजी," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवा."

त्याचं रडणं लगेच थांबेना, एवढं ते लागलं होतं. स्वारांनी एकमेकांकडे बघितलं, मग कुऱ्हाडी घेतलेल्या शेतकऱ्यांकडे बघितलं, आणि एकेक जण घोड्यावरून उतरून बाजूला उभा राहिला.

आठव्या दिवशी निवळगडावर सदर भरली. जसवंतराव पहिल्यांदा गादीवर बसला होता. सुभानजीचा गुन्हा शाबीत व्हायला फार वेळ लागला नाही. कडेलोटाची शिक्षा झाली आणि तिसऱ्या प्रहरी ती अमलातही आली. हैबतीच्या मुलाला मेटाची नाईकी मिळाली. मग मुनशी दप्तर आवरू लागला, तेव्हा सुंदराबाई चिकाच्या पडद्याबाहेर आल्या आणि सदरेच्या मधोमध, जिथे आरोपी उभे करतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"अजून एक गुन्हेगार बाकी आहे," त्या म्हणाल्या. "सरनोबतांनी विचारलं तेव्हा आम्ही नको म्हटलं नाही. आमच्या लेकराला दुसरी आई आहे हे आम्हांस सोसलं नाही. त्यापायी हैबती नाईक गेला आणि त्याची पाच माणसं गेली. धन्यांनी न्याय करावा."

जसवंतराव गादीवरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हा न्याय मला करता यायचा नाही, आईसाहेब. ज्यांचा अपराध घडला त्या करतील."

हौसाला बाजेवर घालून सदरेवर आणलं. वैद्याने नको म्हटलं होतं. तिचा डावा हात कायमचा गेला होता आणि बोलताना धाप लागत होती, पण तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्या माफ केलं न्हाई," ती म्हणाली. "करनार बी न्हाई. हैबतीनाईकाच्या बायकुला इचारा, ती करंल तर करंल. आजपातूर म्या वर्सातनं येक दिस आई हुते, आन् तेवढा बी ह्यास्नी जड झाला. आता म्या गडावर ऱ्हानार. ह्यांच्या चौकात, ह्यांच्या म्होरं. ह्यांनी रोज सकाळी माजं तोंड बघायचं आन् म्या ह्यांचं. पोरानं कुनाला काय म्हनायचं त्ये त्याचं त्यो बघंल. हीच सजा."

"मान्य आहे," सुंदराबाई म्हणाल्या.

जसवंतरावाने मुनशीला खूण केली आणि तो निवाडा दत्तकपत्राच्याच पाठीवर लिहिला गेला.

शिक्षा दोघींनाही झाली होती, हे सदरेवरच्या पुष्कळांना तेव्हा कळलं नाही. तीन वर्षं त्या एका चौकात राहिल्या आणि एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. एकीचा हात अधू, दुसरीची बोटं तुटलेली. एकीला वेणी घालता येईना, दुसरीला सुपारी कातरता येईना, पण कुणी कुणाला मदत मागितली नाही. जसवंतराव एकीला आईसाहेब म्हणे, दुसरीला आये म्हणे, आणि दोघींच्या मधे जेवायला बसे. चौथ्या वर्षी त्याला पहिल्या मोहिमेची आज्ञा आली. तो निघाला त्या सकाळी दोघीही तटावर गेल्या आणि दहा हातांचं अंतर राखून उभ्या राहिल्या. स्वारांची रांग खिंडीत शिरली, धूळ दिसेनाशी झाली, खालचे लोक पांगले, तरी दोघी हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने हौसा जवळ आली.

"वारं लागंल," ती म्हणाली. "आत चला."

सुंदराबाईंनी डोळे पुसले आणि त्या तिच्याबरोबर आत गेल्या.